पोरका आमेन

रास्ता पेठेतल्या ज्या वाड्यात माझं लहानपण गेलं, तिथे जिन्यालगतच्या दोन खोल्यांत एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, कुटुंब राहायचं. घरात कुणी दुखण्यातून उठलं, नवस फेडायचा असला, लग्न ठरलं, की त्यांच्याकडे मलिदा व्हायचा. मोठ्या परातीत गूळ-नारळ घालून कालवलेले पोहे, वर आणि भोवती फळं, आणि परातीपुढे टोपी घातलेले एक गृहस्थ. ते हिब्रूत काहीतरी म्हणायचे, एलियाहू हन्नवी या संदेष्ट्याचं नाव घ्यायचे, एकेका फळासाठी वेगळा आशीर्वाद म्हणायचे आणि थांबायचे. त्या थांबण्यात सगळी खोली एका आवाजात म्हणायची, आमेन.

माझा सगळा जीव परातीत. पण तो शब्दही मला आवडला होता. एकदा घाई झाली आणि गृहस्थ थांबायच्या आधीच मी तो म्हणून टाकला. पुढच्या वेळी चूक नको म्हणून इतका वेळ थांबलो, की सगळ्यांचं म्हणून झाल्यावर शांत खोलीत माझा एकट्याचा आमेन वाजला. पोरं खिदळली. त्या घरातल्या आजींनी मला जवळ ओढलं आणि कानात म्हणाल्या, “अरे, आधी ऐकायचं. काय म्हणतायत ते ऐकलं नाहीस नि आमेन म्हटलंस, तर तो पोरका होतो.”

आमेन पोरका कसा होईल, हे त्या वयात कळलं नाही. पुढे कधीतरी वाचनात आलं, की ज्यूंच्या तालमूद या ग्रंथात नेमका हाच विचार आहे. आमेन कसा म्हणू नये? हिसकावून घेतल्यासारखा घाईत म्हणू नये, शेवट तोडून म्हणू नये, आणि पोरका म्हणू नये. पोरका म्हणजे ज्या आशीर्वादाला तो जोडायचा, तो आशीर्वादच कानी न पडता म्हटलेला. आजींनी तालमूद उघडला असेल असं वाटत नाही. कोकणातल्या कुठल्याशा गावात, एखाद्या तेलघाण्याच्या घरी, त्यांच्याही कानात कुणीतरी ते असंच सांगितलं असणार.

आमच्या घरी सत्यनारायणाला भटजी म्हणायचे, “मम म्हणा.” आणि वडील म्हणायचे, मम. त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं, की मनात विजेचं बिल चाललंय. त्यातूनच ‘मम म्हणणं’ हा वाक्प्रचार आला. मराठीनं होकाराला फारसा मान दिलेला नाही. री ओढणारा, हो ला हो करणारा, होयबा, मान डोलावणारा नंदीबैल. यातला एकही शब्द कुणाच्या गौरवपत्रात घालता येणार नाही. नाही म्हणणारा आपल्याला आवडतो. हो म्हणणाऱ्याकडे आपण जरा संशयानंच बघतो, आणि बरेचदा ते बरोबरही असतं.

म्हणून जुन्या करारातल्या एका होकाराशी मी बराच काळ अडखळत आलो आहे. तो आहे ‘१ राजे’ या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात. दावीद राजा म्हातारा झालाय. कितीही पांघरुणं घातली तरी त्याच्या अंगात ऊब येत नाही. गल्याथाला गोफणीनं पाडणारा, भर रस्त्यात कराराच्या कोशापुढे नाचणारा हा माणूस आता खाटेवरून उठत नाही. त्याची शुश्रूषा करायला शुनेमहून अबीशग नावाची तरुण मुलगी आणून ठेवली आहे. राजाची ऊब गेली, की दरबारात कुजबूज सुरू होते. राजपुत्र अदोनीया दिसायला देखणा, अबशालोमच्या पाठचा. त्यानं रथ ठेवले, घोडेस्वार ठेवले, पुढे धावायला पन्नास माणसं ठेवली आणि आता मीच राजा होणार असं म्हणू लागला. इथे कथाकार एक छोटीशी ओळ घालून जातो: बापानं त्याला जन्मात कधी, तू असं का केलंस, म्हणून विचारलेलं नव्हतं. एवढंच. पुढचं सगळं रामायण या न विचारलेल्या प्रश्नातून निघालंय असं मला नेहमी वाटतं.

अदोनीयानं एन-रोगेल नावाच्या झऱ्यापाशी मोठी मेजवानी घातली. सेनापती यवाब आला, याजक अब्याथार आला, इतर सगळे राजपुत्र आले. आमंत्रण नव्हतं ते शलमोनाला, नाथान संदेष्ट्याला, सादोक याजकाला आणि बनायाला. ही माणसं दावीदाशी एकनिष्ठ राहिली म्हणून त्यांना बोलावलं नाही, की बोलावलं नाही म्हणून ती एकनिष्ठ राहिली? कथाकार दोन्ही गोष्टी दोन-तीन ओळींच्या अंतरानं सांगतो आणि गाठ आपल्यावर सोडतो. निष्ठेचा उगम कधी कधी न आलेल्या आमंत्रणातही असतो, हे त्याला माहीत असावं.

मग नाथानची युक्ती. शलमोनाची आई बथशेबा हिनं आधी राजाकडे जायचं आणि आठवण करून द्यायची, की आपला मुलगा शलमोन गादीवर बसेल अशी शपथ तुम्ही घेतली होती. ती बोलत असतानाच नाथाननं आत यायचं आणि तिचं बोलणं पुरं करायचं. सगळं ठरल्याप्रमाणे होतं. गंमत अशी, की अशी शपथ दावीदानं घेतल्याचं आधीच्या कथेत कुठेही आलेलं नाही. ‘शमुवेल’ची दोन्ही पुस्तकं चाळून पाहा. शपथ खरी होती आणि फक्त या नवरा-बायकोतच राहिली होती, की थकलेल्या राजाच्या स्मरणात ती त्या दुपारी पहिल्यांदा पेरली गेली? स्वतः नाथान आत आल्यावर शपथेचा शब्द काढत नाही. तो फक्त विचारतो, अदोनीयानं राज्य करावं असं महाराजांनी म्हटलंय काय? मुरलेला माणूस.

राजा मात्र एकदम जागा होतो. शलमोनाला माझ्या खेचरावर बसवा, गीहोनला न्या, तिथे सादोक आणि नाथान यांनी त्याला अभिषेक करावा, शिंग फुंका, आणि तो चिरायु होवो अशी घोषणा द्या. एवढं सगळं तो भराभरा सांगतो. खोलीत तिघं उभे आहेत: याजक, संदेष्टा आणि शिपाई. देवाच्या वतीनं बोलणं हा पहिल्या दोघांचा व्यवसाय. पण ते गप्प. उत्तर देतो तो तिसरा, यहोयादाचा मुलगा बनाया. तो म्हणतो, आमेन.

बनाया काही दरबारी खुशमस्कऱ्या नव्हे. दक्षिणेकडच्या कबसेल गावचा हा गडी. दावीदाच्या शूरांच्या यादीत त्याच्या नावापुढे लिहिलंय, की बर्फ पडलेल्या दिवशी खड्ड्यात उतरून त्यानं सिंह मारला, आणि नुसत्या काठीनिशी एका धिप्पाड मिसरी माणसावर चालून जाऊन त्याच्याच हातातला भाला हिसकावून त्याला ठार केलं. करेथी आणि पलेथी या परक्या मुलखातून आलेल्या पहारेकऱ्यांचा तो नायक. अशा माणसाकडून लांबलचक बोलण्याची अपेक्षा नसते. तोही फार बोलत नाही. देवही असंच म्हणो, एवढी जोड देतो, आणि वर एक इच्छा बोलतो: शलमोनाचं सिंहासन दावीदाच्या सिंहासनाहूनही थोर होवो. हे दावीदाच्या तोंडावर, तो अंथरुणात असताना! दुसरा कुणी राजा असता, तर जीभ छाटली असती. पण थोड्या वेळानं बाकीचे सेवक येऊन हेच म्हणतात, तेव्हा म्हातारा खाटेवरच नमन करतो. तालमूदच्या पंडितांनी यावरून म्हटलं, की माणूस सगळ्यांचा हेवा करतो, फक्त स्वतःच्या मुलाचा आणि शिष्याचा करत नाही. मुलाकडून नि शिष्याकडून हरावं, असं आपल्याकडचे शास्त्रीबुवाही सांगत आलेत. (गादी मिळालेली मुलं बापाबद्दल काय विचार करतात, यावर दोन्हीकडचे पंडित गप्प आहेत.)

आमेन या शब्दाच्या मुळाशी हिब्रूतली तीन व्यंजनं आहेत: आलेफ, मेम, नून. त्यांतूनच विश्वास आणि सत्य या अर्थांचे शब्द निघतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्याच घराण्यात दाईलाही एक शब्द आहे, दुसऱ्याचं मूल कडेवर घेऊन सांभाळणारीला. दावीदाआधीचा शौल राजा गिलबोवाच्या डोंगरावर पडल्याची बातमी आली, तेव्हा त्याच्या पाच वर्षांच्या नातवाला, मफीबोशेथाला, उचलून पळणाऱ्या बाईसाठी हाच शब्द आलाय. ती घाईत पळाली, मूल हातून पडलं आणि जन्माचं पांगळं झालं. राज्य हातचं जाताना राजाचा नातू घेऊन धावणारी ती बाई माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आमेन म्हणणं म्हणजे दुसऱ्याचं बोलणं असं कडेवर घेणं असेल, तर ते पडू न देणंही त्यात आलंच. आणखी एक: तुझं घराणं टिकेल, असा निरोप नाथाननं फार पूर्वी दावीदाला दिला होता, त्यातल्या ‘टिकेल’ या क्रियापदाचंही मूळ हेच. म्हणजे नाथानचाच जुना शब्द बनायानं त्याच्यादेखत उचलून घेतला. नाथानला ते जाणवलं असेल का?

मग मिरवणूक. खेचरावर बसलेला शलमोन टेकडी उतरून गीहोनच्या झऱ्याकडे जातो. घोडे आणि रथ अदोनीयाकडे, याच्याकडे बापाचं खेचर. खेचराला वंश नसतो, आणि वंशाचा निर्णय करायला वाहन नेमकं तेच. कथाकाराच्या मनात हे असेल-नसेल, मला हसू येतं खरं. सादोकनं तंबूतून आणलेलं तेलाचं शिंग ओतलं, रणशिंग वाजलं, लोक ओरडले. ओरडले ते हुकमावरून. काय ओरडायचं तेही राजानं सांगून ठेवलं होतं. इथे मला अलेक्झांड्रियाचं ते प्रसिद्ध सभास्थान आठवतं. तालमूदमधल्या वर्णनाप्रमाणे ते इतकं अफाट होतं, की प्रार्थना म्हणणाऱ्याचा आवाज मागच्यांपर्यंत पोचायचाच नाही. सोनार एकीकडे, लोहार एकीकडे, विणकर एकीकडे, असे धंद्याप्रमाणे लोक बसत. मधल्या लाकडी चौथऱ्यावरून एकजण कापड हलवी, आणि ते बघून सगळे आमेन म्हणत. आजींनी या सगळ्यांना पोरके ठरवलं असतं. गीहोनवरच्या गर्दीतही मागच्या किती जणांना अभिषेक दिसला असेल? त्यांनी शिंग ऐकलं आणि तोंड उघडलं. तरीही परत शहरात चढताना ते पावा वाजवत होते आणि त्या आवाजानं जमीन दुभंगली, असं कथाकार लिहितो. पावा वाजवायला राजानं सांगितलं नव्हतं. तेवढा त्यांचा स्वतःचा.

जमीन दुभंगल्याचा आवाज खाली एन-रोगेलला पोचतो. हा झरा गीहोनसारखाच किद्रोनच्या ओहोळात, दक्षिणेला, पायी दहा-पंधरा मिनिटांवर. मेजवानी संपत आलेली. तिथेही मघापासून तीच घोषणा चालू होती, फक्त नाव वेगळं. एकाच दुपारी, एकाच गावाखालच्या दोन पाणवठ्यांवर, दोन भावांना तेच आयुष्य चिंतलं जात होतं. शिंगाचा आवाज प्रथम ओळखतो यवाब. जन्म लढाईत गेलेल्याचे कान. बातमी घेऊन येतो अब्याथारचा मुलगा योनाथान. अदोनीयाचा थोरला भाऊ अबशालोम यानं पूर्वी बापाविरुद्ध बंड केलं, तेव्हा हाच पोरगा याच झऱ्यापाशी लपून राहिला होता आणि दावीदाकडे गुप्त निरोप पोचवत होता, एकदा तर विहिरीत उतरून बचावला होता. आज तो दुसऱ्या बाजूला आहे. बातमी सांगून होते आणि पाहुणे उठून आपापल्या वाटेनं पांगतात. घोषणा कुणीच परत घेत नाही, तिची कुणाला गरजच उरत नाही.

याच घोषणेची मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट मात्र अबशालोमच्या बंडातली आहे. दावीद पळून गेलाय, शहरात अबशालोम शिरलाय. दावीदाचा मित्र हूशय त्याच्यासमोर येतो आणि म्हणतो, राजा चिरायु होवो. एकदा नाही, दोनदा म्हणतो. कुठला राजा, ते म्हणत नाही. नाव गिळून टाकतो. अबशालोमला जरा संशय येतो, पण स्वतःचं नाव ऐकायची सवय झालेल्या माणसाला न उच्चारलेलं नावही ऐकू येतं. हूशय त्या घोषणेत एक अक्षरही खोटं बोलला नाही, आणि तिच्या आड राहूनच त्यानं अबशालोमचं राज्य बुडवलं.

गीहोनवरचा तो प्रसंग पुढे फार लांब गेला. १७२७ मध्ये दुसऱ्या जॉर्जच्या राज्याभिषेकासाठी हँडेलनं त्यावर समूहगीत रचलं, आणि तेव्हापासून इंग्लंडच्या प्रत्येक राज्याभिषेकात ते गायलं जातं. २०२३ मध्ये तिसऱ्या चार्ल्सच्या वेळीही गायलं गेलं. सुरुवातीला तंतुवाद्यं किती तरी वेळ नुसती लाटांसारखी वर चढत राहतात आणि मग अचानक आवाज फुटतो. त्यात सादोकचं नाव आहे, नाथानचं आहे, शलमोनाचं आहे. बनायाचं नाही. आमेन मात्र आहे, पुन्हा पुन्हा, सुरांच्या झालरी लावून. ज्यानं तो म्हटला, तो माणूस वेस्टमिन्स्टरच्या दाराबाहेर राहिला.

इथवर सगळं सणासारखं. पण पुस्तकाला दुसरा अध्याय आहे, आणि तो मी नेहमी जरा भरभर वाचतो. दावीद मरतो. जाण्यापूर्वी काही जुन्या हिशेबांची यादी मुलाला देऊन जातो. अदोनीया आसऱ्यासाठी वेदीची शिंगं धरून एकदा वाचलेला असतो. आता तो बथशेबेच्या तोंडून अबीशग बायको म्हणून मागतो. बापाची शेवटची दासी मागणं म्हणजे गादीच मागणं, असा अर्थ शलमोन लावतो. बनायाला पाठवतो. अदोनीया संपतो. त्यानंतर यवाब.

यवाब म्हणजे दावीदाचा उजवा हात. शत्रूंनाच नव्हे, दावीदाला नको असलेल्यांनाही त्यानं मारलं, आणि नको नसलेल्यांनाही. उरीयाला लढाईच्या तोंडी द्या, असं पत्र दावीदानं यवाबलाच लिहिलं होतं. यवाबनं का म्हणून विचारलं नाही. तोही एक आमेनच, न उच्चारलेला. हा उरीया बथशेबेचा पहिला नवरा, आणि बनायाचं नाव शूरांच्या ज्या यादीत आहे, तिच्या अगदी शेवटी उरीयाचं आहे. एका फौजेतली माणसं ही, एकमेकांच्या डेऱ्यांतून उठबस असलेली. आता यवाब पळून परमेश्वराच्या तंबूत शिरलाय आणि वेदीची शिंगं धरून उभा आहे. अबशालोमच्या वादळात जो ढळला नाही, तो म्हातारपणी चुकीच्या मेजवानीला गेला.

बनाया तंबूत जातो आणि सांगतो, राजा म्हणतो, बाहेर ये. यवाब म्हणतो, नाही, मी इथेच मरणार. आणि बनाया परत येतो.

अख्ख्या कथेत हा माणूस एवढ्या एकाच ठिकाणी थबकतो. बर्फातल्या खड्ड्यात उतरताना न थबकलेला. वेदीपाशी रक्त सांडायची भीती वाटली, की ज्याच्या हाताखाली उमेदवारी केली त्याच्या डोळ्यांत बघवलं नाही, की राजा आपला हुकूम बदलेल अशी पुसट आशा होती? कथाकार काही सांगत नाही. तो फक्त बनायाला तंबूपासून राजवाड्यापर्यंत चालायला लावतो. यवाब असं असं म्हणाला, इतकंच बनाया सांगतो. शलमोन म्हणतो, त्यानं म्हटलं तसंच कर. मग बनाया तीच वाट पुन्हा चालतो. काम उरकल्यावर यवाबच्या जागी सेनापती म्हणून त्याचीच नेमणूक होते. तीन वर्षांनी त्या यादीतल्या शिमीची पाळी येते, तेव्हा तो थबकल्याचं लिहिलेलं नाही.

दावीदाच्या त्या खोलीत आमेन म्हणताना यातलं त्याच्या कानावर काय पडलं होतं? एक हुकूम. जुन्या शपथेचं खरंखोटं त्याला ठाऊक नव्हतं, पुढची यादी तर अजून कुणी काढलीच नव्हती. ऐकलं त्याला तो स्वच्छ आवाजात हो म्हणाला, घाई न करता, शेवट न तोडता. आजींच्या परीक्षेत तो पहिल्या फटक्यात पास होता.

आमच्या शेजारचं ते कुटुंब मी शाळेत असतानाच इस्रायलला गेलं. पुण्यात ज्यूंची दोन प्रार्थनामंदिरं आहेत. कॅम्पातलं १८६७ चं लाल देऊळ, त्याचं खरं नाव ओहेल डेव्हिड, म्हणजे दावीदाचा तंबू. आणि आमच्या रास्ता पेठेतलं १९२१ चं सुक्कथ शेलोमो, म्हणजे शलमोनाचा मांडव. बापाचा तंबू, मुलाचा मांडव. मधला रस्ता मी सायकलवरून शेकडो वेळा गेलोय आणि दर वेळी कुणीतरी तो पायी चालत असल्यासारखं वाटलंय, जड पावलांनी, आधी या दिशेनं आणि मग त्या.

आजींना विचारायचं राहून गेलं: नीट ऐकून, पुरा, वेळेवर म्हटलेला आमेन नंतर पोरका होऊ शकतो का? त्यांनी बहुतेक माझ्याकडे बघितलं असतं, परातीतलं एक केळं सोलून हातात दिलं असतं, आणि म्हणाल्या असत्या, “आधी खाऊन घे.”